घरी आलेल्या फौजीशी बोलताना

प्रस्तावना

किर्लोस्करवाडी स्टेशनावर काळी ट्रंक घेऊन उतरणारा माणूस या भागात कुणाला नवा नाही. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि पलटण. सुट्टीवर आला असेल तर घरात मटण शिजतं आणि कट्ट्यावर काश्मीरच्या गप्पा रंगतात. कायमचा आला असेल तर फेटा, हार, उघड्या जीपमधून मिरवणूक आणि शाळेत एक भाषण. वय अडतीस-चाळीस. पेन्शन चालू झालेली, कॅन्टीनचं कार्ड खिशात, अंगात अजून तीस वर्षं राबायची ताकद. सहा महिन्यांनी हाच माणूस रात्री दोनला उठून फाटकाची कडी तपासतो, मग अंगणात फेऱ्या मारत बसतो. हे घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही, आणि घरचेही शेजाऱ्याला सांगताना एवढंच म्हणतात, "मिलिटरीची सवय हाय, झोपच कमी."

नैराश्य आणि चिंताविकार असलेल्या माजी सैनिकांसाठीच्या संवाद-उपचारांचा तौलनिक अभ्यास, असं या विषयाचं भारदस्त नाव. नाव ऐकून दबकायचं कारण नाही. आतले प्रश्न साधे आहेत. ठरलेल्या पद्धतीनं, ठरलेल्या वेळी समोरासमोर बसून बोलल्यानं आजारी मन सुधारतं का? सुधारत असेल तर कोणत्या पद्धतीनं अधिक? आणि ती पद्धत पलूस, तासगाव, खटाव, माण इथल्या माणसाला सोसेल का? पहिल्या दोन प्रश्नांवर जगात ढीगभर संशोधन झालं आहे. तिसरा प्रश्न आपला आहे, आणि तो सोडवायला मानसशास्त्रात नुकतं एम.ए. केलेली मुलगी, आशा स्वयंसेविका, निवृत्त सुभेदार किंवा फौजीच्या घरात वाढलेला कुणीही चालेल. अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही प्रस्तावना लिहिली आहे.

नवा विषय सोप्या मराठीत लोकांपुढे मांडायची सवय आमच्या पलूस तालुक्याला तशी जुनी आहे. १९१० साली माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगर आणि पंप बाहेर पडले, तसंच १९२० पासून एक मासिकही बाहेर पडलं, आणि पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. महाराष्ट्राच्या कितीतरी घरांत नव्या विचारांची पहिली ओळख या छापखान्यातून झाली. तेव्हा पलूसमध्ये बसून मानसोपचारावर लिहिणं हा आगाऊपणा ठरू नये.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय या माणसाचं गप्प बसणं समजत नाही. सातारा-सांगलीच्या गावांचं सैन्याशी नातं पिढ्यांचं आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. गावानं 'मिलिटरी' हे बिरूद नावातच घेतलं. त्याच युद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. भूक आणि रोगराई सोसून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि त्यानंतर कैद. त्यातून जे परतले ते काय घेऊन परतले हे कुणी लिहून ठेवलं नाही. दुसऱ्या महायुद्धात तर या मातीनं एक विचित्र प्रसंग पाहिला. १९४३ साली स्वातंत्र्यासाठी भूमिगत लढणारी कुंडलची तुफान सेना इंग्रजांची पगाराची गाडी शेणोलीजवळ लुटत होती, आणि त्याच वर्षी मराठा पलटणी इंग्रजांच्याच झेंड्याखाली इटलीत उतरत होत्या. दोन्हीकडची माणसं याच भागातली. दोन्हीकडे बंदुका होत्या आणि दोन्हीकडे मेलेले दोस्त होते. स्वातंत्र्यानंतर दोघांच्याही शौर्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. झोप उडाल्याची गोष्ट कुणाचीच सांगितली गेली नाही.

युरोपात मात्र ती गोष्ट सांगावीच लागली, कारण आजारी सैनिकांची संख्या लपवता येईना. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरानं 'शेलशॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर सैनिकी अधिकाऱ्यांशी तासन्‌तास बोलत, त्यांना आठवणी टाळू नका म्हणून सांगत. त्याच काळात लंडनमध्ये ल्युइस यीलँड हे डॉक्टर वाचा गेलेल्या साध्या शिपायांना विजेचे झटके देऊन बोलतं करत होते. अधिकाऱ्याला संवाद, शिपायाला करंट. अपवाद होते, पण ही वाटणी बहुतांशी खरी होती, आणि आज आपल्याकडे झटके नसले तरी तिची सावली आहे. शहरातल्या निवृत्त अधिकाऱ्याला समुपदेशक मिळतो. खेड्यातल्या निवृत्त नाईकाला महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, तेही तो तालुका ओलांडून गेला तर.

अमेरिकेत चक्र उलटं फिरलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापसात बसून बोलायला सुरुवात केली, मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनी मागून बोलावून घेतलं. त्या बैठकांमधून आणि त्यांच्या रेट्यातून १९७९ साली रुग्णालयाबाहेर, बाजारपेठेतल्या गाळ्यांत चालणारी सरकारी समुपदेशन केंद्रं निघाली आणि १९८० साली आघातानंतरच्या ताणविकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अधिकृत निदानाचा दर्जा मिळाला. आधी बोलणं झालं, मग आजाराचं नाव, आणि पद्धतशीर उपचार त्याच्याही नंतर. हा क्रम नव्या अभ्यासकानं लक्षात ठेवावा.

आपला सैनिक का बोलत नाही याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे, आणि पुस्तकी मानसशास्त्रात ते सापडणार नाही. नोकरीत असताना त्याच्या प्रकृतीची प्रतवारी होते, आणि त्या प्रतवारीतलं पहिलंच अक्षर मानसिक अवस्थेचं असतं. झोप लागत नाही, छाती धडधडते, मरावंसं वाटतं असं डॉक्टरापुढे बोललं की कॅटेगरी लागायची भीती. कॅटेगरी लागली की हत्यार हातातून जातं, बढती लांबते, कोर्सला नाव जात नाही, आणि पलटणीत कुजबुज होते ती वेगळीच. सतरा वर्षं माणूस ही गोष्ट शिकतो. मग घरी आल्यावर आपण त्याच्यापुढे प्रश्नावली ठेवतो आणि तो सगळ्या रकान्यांत 'कधीच नाही' लिहितो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी हे उत्तर सुरक्षित असतं इतकंच. पहिल्याच भेटीत त्याला स्पष्ट सांगावं लागतं की इथे जे बोलाल त्यानं पेन्शनीवर, कार्डावर, कशावरही परिणाम होणार नाही. ते एकदा सांगून भागत नाही.

दुसरा गैरसमज आपल्या बाजूचा आहे. माजी सैनिक म्हटलं की आपल्याला सियाचीन, कारगिल, श्रीलंका, राष्ट्रीय रायफल्समधली गस्त आठवते आणि त्याचा सगळा त्रास तिथूनच आला असणार असं आपण धरून चालतो. काहींचा तिथूनच आलेला असतो. पण पलूससारख्या तालुक्यात भेटणाऱ्या अनेकांचं दुखणं परतण्याचं असतं. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत ज्याचा दिवस दुसऱ्यानं आखून दिला, त्याला अचानक मोकळा दिवस मिळतो. भावानं इतकी वर्षं कसलेली जमीन आता वाटून मागायची की नाही, हा पेच. बायकोनं एकटीनं चालवलेल्या घरात आपली जागा कोणती, हा दुसरा. हाताखाली दहा जण असलेल्या हवालदाराला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या गावच्या पोरानं "काय, काका!" म्हणायचं. त्यात २००५ चा आणि २०१९ चा महापूर, द्राक्षाचं कर्ज, मुलाची सैन्यभरतीच्या अ‍ॅकॅडमीची फी. यातून येणाऱ्या नैराश्यावर रणांगणाच्या आठवणींचा उपचार करणं म्हणजे भलत्याच दारावर थाप मारणं.

म्हणून तुलना करताना पद्धतींची नावं पाठ करण्याऐवजी एकच माणूस वेगवेगळ्या उपचारकांपुढे बसवून बघावा. आपण एक कल्पित हवालदार घेऊ. बेचाळीस वर्षांचा, सहा एकरांत द्राक्ष आणि ऊस. तीन वर्षांपूर्वी आला. पहिलं वर्ष बरं गेलं. आता बागेत जात नाही, ती गड्यावर सोडून दिली आहे. आठवडी बाजारात गर्दी वाढली की घाम फुटतो. लग्नात फटाके वाजले की आधीच उठून निघून येतो. भावाशी अबोला. संध्याकाळी दोन पेग, कधी चार. रात्री झोप नाही. मनात एकच वाक्य: आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही.

पहिला उपचारक वर्तन-सक्रियतेचा. तो मनातल्या वाक्याशी वाद घालत नाही. तो विचारतो, काल दिवसभरात काय काय केलं, तासातासानं सांगा. मग दोघं मिळून पाहतात की कोणत्या तासात मन किंचित हलकं होतं आणि कोणत्या तासात जड. हवालदाराला आढळतं की खाटेवर पडून मोबाईल पाहिल्यावर तो अधिक खचतो, आणि परवा गड्यासोबत अर्धा तास कात्री धरली तेव्हा बरं वाटलं होतं. मग ठरतं: खरड छाटणीचे दिवस आहेत, रोज सकाळी सात ते आठ बागेत. उत्साह असो वा नसो. या उपचाराचा सारा भर यावर आहे की आधी पाय हलले पाहिजेत, मन मागून येतं. सैनिकाला ही भाषा कळते. त्याची सतरा वर्षं याच तत्त्वावर गेली आहेत.

दुसरा उपचारक विचारांवर काम करणारा. अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस या दोघांनी अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत ही वाट पाडली, आणि महाराष्ट्राला ती परकी नाही. कि. मो. फडके यांनी एलिसशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली, १९९० पासून ठाण्याच्या आयपीएच संस्थेनं आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी ती हजारोंपर्यंत पोचवली. हा उपचारक 'कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही' हे वाक्य कागदावर लिहून घेतो. पुरावा मागतो. 'उपयोग' म्हणजे फक्त वर्दीतला का, असं विचारतो. 'मला भीती वाटताच कामा नये' हा हट्ट आणि 'मला भीती वाटू नये असं वाटतं' ही इच्छा यांतला फरक उकलून दाखवतो. ज्याला वाद घालायला आवडतं अशा सुभेदाराला ही पद्धत मानवते. ज्याला वरिष्ठाशी वाद घालायचाच नाही अशी सवय लागली आहे तो मात्र फक्त "येस सर" म्हणत बसतो, आणि उपचारकाला वाटतं काम छान चाललंय.

तिसरा उपचारक सामोरं जायला लावणारा. बाजार टाळता ना, मग उद्या सकाळी लवकर, गर्दी नसताना पाच मिनिटं जाऊन उभे राहा. धडधड वाढेल. पळू नका. ती आपोआप उतरते, हे शरीराला शिकू द्या. मग दहा मिनिटं, मग गर्दीची वेळ. जिथे खरोखर एखादी जुनी घटना छातीवर बसलेली असते तिथे एड्ना फोआ यांच्या पद्धतीत ती घटना डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत त्या घटनेतून माणसानं स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष तपासतात. मी गस्तीवर डावीकडून गेलो असतो तर माझा जोडीदार, माझा बडी, वाचला असता, असा निष्कर्ष. या दोन्ही पद्धतींनी बरे झालेले लोक आहेत. पण त्या करायला कठीण आणि सोसायला त्याहून कठीण.

चौथा नात्यांचा. आंतरव्यक्तिक उपचार म्हणतात त्याला. तो आयुष्यातला एकच धागा निवडतो: कुणाचा मृत्यू, कुणाशी बेबनाव, भूमिकेतला बदल किंवा एकटेपणा. आपल्या हवालदाराच्या बाबतीत तो सरळ भूमिकेच्या बदलावर बोट ठेवील आणि भावाशी कसं बोलायचं याची तालीम घेईल. एकत्र कुटुंबातल्या वाटणीच्या ताणतणावांचं जग ज्याला माहीत आहे त्याला या पद्धतीची ताकद लगेच उमगते. तिचा आपल्याकडे पुरेसा वापर होत नाही, असं माझं मत आहे.

पाचवा उपचारक गमतीशीर आहे. संशोधनात तुलनेसाठी एक 'साधी' पद्धत हवी होती, जिच्यात उपचारक आपुलकीनं आजच्या अडचणींवर बोलेल पण आघाताच्या आठवणी उकरणार नाही. वर्तमानकेंद्री उपचार असं तिचं नाव पडलं. ती मार खाण्यासाठी उभी केलेली पद्धत होती. तिनं अपेक्षेपेक्षा फारच कमी मार खाल्ला. आघातकेंद्री उपचार सरासरीनं थोडे सरस ठरले, पण या पद्धतीत मध्येच सोडून जाणारे लक्षणीय कमी निघाले.

इथून आपण तुलनेच्या मुख्य चौकात येतो. मानसोपचारांच्या तुलनेत वारंवार असं दिसतं की नीट केलेल्या पद्धतींमधला फरक लहान असतो. १९३६ साली सॉल रोझेन्झ्वाइग यांनी याला डोडो पक्ष्याचा निकाल म्हटलं, म्हणजे सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस. पुढे त्यावर दोन तट पडले आणि ते अजून भांडत आहेत. सैनिकांपुरतं पाहायचं तर २०२२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक मोठा प्रयोग पुरेसा आहे. १७ केंद्रं, पीटीएसडी असलेले ९१६ माजी सैनिक, फोआ यांची पद्धत विरुद्ध रेसिक यांची. दोन्हींनी फायदा झाला. फोआंची पद्धत आकडेवारीत थोडी पुढे होती, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका नव्हता. जाणवण्यासारखी गोष्ट दुसरीच होती: दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांनी उपचार पुरा केला नाही. त्याआधी २०१५ सालच्या एका परीक्षणात दिसलं होतं की या दोन पद्धतींनंतरही सैनिकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचं पीटीएसडीचं निदान कायम राहतं, लक्षणं कमी झाली तरी. २०१८ साली डेनिस स्लोन आणि सहकाऱ्यांनी बारा बैठकींच्या उपचारासमोर फक्त पाच बैठकींचा लेखन-उपचार ठेवला. नागरिक आणि माजी सैनिक मिळून १२६ जण होते. लेखनाचा उपचार कमी पडला नाही, आणि गळती तिथे सुमारे सहा टक्के, तर लांब उपचारात चाळीसच्या घरात.

हे आकडे अमेरिकेतले आहेत. तिथला सैनिक, तिथली युद्धं, तिथलं रुग्णालय. तरी मला त्यातून एक निष्कर्ष निघतो असं वाटतं, आणि ही प्रस्तावना त्यासाठीच आहे: आपल्या भागात कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरवताना पहिली कसोटी, माणूस पाचव्या बैठकीला येतो का, ही असली पाहिजे. द्राक्षाच्या हंगामात, एसटीच्या वेळापत्रकात, चार लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील या धाकात तो परत येतो का? जो उपचार सरासरीत दोन गुण जास्त मिळवतो पण निम्मे लोक गमावतो, तो पुस्तकात श्रेष्ठ असेल, पलूसमध्ये नाही. काही सहकारी याला तडजोड म्हणतात. माझ्या मते मोजमापाची हीच खरी रीत आहे, कारण अमेरिकेत सोडून गेलेल्या माणसाला दुसरं केंद्र मिळतं, इथे त्याला दुसरं काही मिळत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, २०१५-१६ साली देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नव्हते.

आता आपल्या जवळचा पुरावा. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे ५०० तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. उपचार वर्तन-सक्रियतेचा, सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचाराच्या गटातले ३९ टक्के. त्याच चमूनं जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांसाठी अशाच थोड्या बैठकींचं समुपदेशन तपासलं आणि तेही उपयोगी ठरलं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. इंग्लंडमध्ये २०१६ साली ४४० रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही नवख्या कार्यकर्त्यांनी दिलेली वर्तन-सक्रियता तज्ज्ञांनी दिलेल्या विचार-उपचारापेक्षा कमी पडली नाही आणि खर्च कमी झाला. यांतला एकही प्रयोग केवळ सैनिकांवरचा नाही. पण अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात अठ्ठावन्न वर्षांवरच्या २४१ माजी सैनिकांना नैराश्यासाठी हाच उपचार निम्म्यांना घरी व्हिडिओवरून आणि निम्म्यांना समोर बसवून दिला, तेव्हा घरबसल्या उपचार मागे राहिला नाही. हे सारं एकत्र ठेवलं की आपल्याकडे सुरुवात कुठून करावी याचा अंदाज येतो: वर्तन-सक्रियता आधी, गावातल्या प्रशिक्षित माणसाकडून, गरज असेल तिथे मोबाईलवर. ज्याच्या छातीवर खरोखर एखादी रात्र बसली आहे त्याच्यासाठी मिरज, सातारा किंवा पुण्याच्या तज्ज्ञाकडे आघातकेंद्री उपचार.

गावातला प्रशिक्षित माणूस माजी सैनिकच असावा का, यावर मतभेद आहेत. 'बडी' ही सैन्यातली सर्वांत भरवशाची संस्था, दोघांनी एकमेकांच्या जिवाची जबाबदारी घ्यायची. तिचा उपयोग करून घ्यावा असं अनेकांना वाटतं, मलाही. पण हवालदार सुभेदारापुढे मोकळा होईल का? हुद्दा निवृत्त होत नाही. बरोबरीच्या हुद्द्याचा, दुसऱ्या पलटणीचा, शेजारच्या पण आपल्या नव्हे अशा गावचा माणूस बहुधा चांगला.

दारूबद्दल थोडं परखड बोलायला हवं. कॅन्टीनची रम हा निवृत्त फौजीचा मान समजला जातो, आणि झोपेचं औषध म्हणून तिच्याइतकी सहज मिळणारी दुसरी गोष्ट नाही. आधी दारू सोड मग उपचार, असं सांगून अनेकांना दारातूनच परत पाठवलं जातं. दोन्ही उपचार एकत्र चालवता येतात आणि चालवावेच लागतात. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभं केलेलं 'परिवर्तन' किंवा पुण्याचं १९८६ पासूनचं 'मुक्तांगण' यांचा अनुभव या कामात हाताशी आहे. नव्या अभ्यासकानं तिथे काही दिवस नुसतं बसून ऐकावं.

आणि घरातली बाई. फौजीच्या बायकोनं सासू-सासरे, पोरं, बँक, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज सारं सांभाळलेलं असतं. फोन वाजला की पोटात गोळा येण्याची तिला इतकी सवय झालेली असते की तो कायमचा घरी आल्यावरही गोळा जात नाही. चिंताविकार तिलाही असतो, पण 'माजी सैनिकांचे उपचार' या शीर्षकात ती बसत नाही. शिवाय झोपेत त्यानं हातपाय झाडले की मार तिला लागतो, आणि कधी जागेपणीही. नवऱ्याच्या पहिल्या दोन बैठकींनंतर तिच्याशी स्वतंत्र बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिच्याकडून कळणारी हकिकत त्याच्या प्रश्नावलीपेक्षा खरी असते, हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण ती स्वतः.

एक गोष्ट पद्धत कोणतीही असो, टाळायची नाही. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही. उलट बऱ्याचदा माणूस सुस्कारा सोडतो. हातात परवान्याची बंदूक आहे का, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, हेही विचारायचं, आणि उत्तर काळजीचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांतल्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. हा क्रमांक पाठ असावा, वहीत नव्हे.

पुढच्या काही वर्षांत या विषयाचा रुग्णच बदलणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हाच्या नियमानुसार चार वर्षांनंतर चारपैकी फार तर एकालाच पुढे ठेवलं जाणार होतं. बाकीचे बावीस-पंचविसाव्या वर्षी घरी येतील, ठरावीक रक्कम घेऊन, पेन्शनीशिवाय. त्यांची लग्नं व्हायची असतील, 'माजी सैनिक' म्हणवून घ्यायचं की नाही याबद्दलच ते साशंक असतील, आणि गावातल्या अ‍ॅकॅडमीत पळणाऱ्या पोरांसमोर त्यांना उत्तरं द्यावी लागतील. चाळिशीतल्या हवालदारासाठी आपण जे शिकलो ते यांना जसंच्या तसं लागू पडेल असं मी धरून चालणार नाही. माझा कल आहे की नात्यांचा आणि भूमिकेच्या बदलाचा उपचार इथे वर्तन-सक्रियतेच्या बरोबरीनं, कदाचित पुढेही, ठरेल. तो कल तपासायची सोय मात्र आतापासून करायला हवी. पहिल्या भेटीची नोंद, पाचव्या बैठकीला कोण आलं याची नोंद, सहा महिन्यांनी घरी जाऊन पुन्हा विचारपूस. पलूस, कडेगाव, खानापूर, तासगाव या चार तालुक्यांत एवढं जरी एकसारख्या नमुन्यात झालं, तरी तुलना करायला आपल्याजवळ आपलं काही असेल.